दुसऱ्या गुरुवारचे डबे

शिरूर,
ता. १५ जून २०२५

ती. मच्छिंद्रमामा यांस,
करुणाचा सविनय जय भीम. वि. वि.

तुमच्या कानांवर माझा राग आहे. फोनवर मी ओरडत राहते, शेजारचे खिडक्या लावून घेतात आणि तुम्ही शेवटी विचारता, पाऊसपाणी कसं आहे. पण खरं सांगू का, कागदावर मला जे सुचतं ते फोनवर सुचत नाही. तेव्हा राग अर्धाच.

बातमी मोठी आहे. एक तारखेपासून मी आमच्या गिअरच्या कारखान्याची प्लँट हेड झाले. केबिन मिळाली, आणि तिच्यासोबत एक अटही. मागच्या वर्षी आमचा माल तीनदा उशिरा गेला होता. पुण्याच्या हेड ऑफिसने सांगितलंय, सप्टेंबर अखेरपर्यंत आणखी एक गाडी जरी उशिरा गेली तरी दुसरी शिफ्ट बंद. त्या शिफ्टला बासष्ट माणसं आहेत. निम्म्यांची नावं आणि घरं मला माहीत आहेत, म्हणून आकडा नुसता आकडा राहत नाही.

आता गंमत ऐका. आमच्या रस्त्याला सहा कारखाने आहेत. दर महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी सहाही प्लँट हेड एकत्र जेवतात, दर खेपेला वेगळ्या कारखान्याच्या कँटीनमध्ये. हॉटेल नाही, भाषण नाही. प्रत्येकाने घरचा डबा आणायचा. ही पद्धत बावीस वर्षांपूर्वी समोरच्या फोर्जिंग कंपनीच्या नवनाथ सरांनी पाडली. सत्तावन्न वर्षांचा माणूस, हाताखाली चारशे लोक, आणि सगळ्यांना पाणी वाढतो, शेवटी स्वतः बसतो. जेवता जेवता कुणीतरी म्हणतं, माझा कॉम्प्रेसर बसलाय. ताक येईपर्यंत दुसऱ्याचा फिटर निघालेला असतो. लिखापढी काही नाही. पुण्यात एसी हॉलमध्ये बसून मी दोनदा ऐकलं होतं, की पुढाऱ्याने सेवक व्हावं. इथं एक माणूस हातात पळी घेऊन ते करतोय. हे चालतं कसं, याचं मला भारी कुतूहल लागलंय.

मामींना जय भीम. माझी लेक माया आठवण काढते, म्हणजे मामींच्या हातच्या झुणक्याची.

लोभ आहेच, पत्राने तो ताजा ठेवावा.
तुमची,
करुणा


खुटबाव,
ता. २२ जून २०२५

चि. करुणा हिस मच्छिंद्रमामाचे अनेक आशीर्वाद आणि जय भीम. वि. वि.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि एकदा मोठ्यानं वाचून तुझ्या मामीला ऐकवलं. प्लँट हेड म्हणजे काय ते तिला सांगता सांगता माझ्या नाकी नऊ आले. शेवटी तिनंच निकाल दिला, की म्हंजी सगळ्यात आधी शिव्या खानारी. मला वाटतं तुमच्या हेड ऑफिसलाही इतकं नेमकं सांगता येणार नाही. ती पेढे वाटायला नातवाला, सुमितला, यवतला पिटाळते आहे.

तुझ्या त्या टेबलाबद्दल तू फार थोडं लिहिलंस. दौंडच्या रनिंग रूममध्ये मी चौतीस वर्षं इंजिन ड्रायव्हरांना जेवू घातलं, तेव्हा अशा गोष्टी मला बारीक विचारायची खोड आहे. दाराजवळ कोण बसतं? दुसऱ्यांदा भाजी कोण मागतं? कोण कुणाच्या शेजारची खुर्ची धरतं? माणसं तोंडानं काहीही बोलतात. ताटावर बसली की खरं दिसतं. आता तर मला तोंडाचं ऐकूच येत नाही, तेव्हा माझी पंचाईतच मिटली.

माझा सल्ला विचारशील तर, आधी वाढ, मग बस. सगळ्यांना पुरेल एवढं ने. कुणी काही मागितलं तर नाही म्हणू नकोस. आणि कुणाच्या डब्यात हात घालायचा नाही, हे तुला नव्यानं सांगायला नको. सात वर्षांची होऊन दौंडच्या क्वार्टरात आमच्याकडे आलीस तेव्हापासून ते तुझ्या अंगात आहे.

नवनाथ सरांना भेटायला मला आवडेल. पळी हातात धरणारा माणूस मी लगेच ओळखतो.

तब्येतीला जप. आशीर्वाद मागायच्या आधीच दिलेले आहेत.
मामा


शिरूर,
ता. १३ जुलै २०२५

ती. मामा यांस,
सविनय जय भीम. वि. वि.

तुम्ही सांगितलंत तसंच केलं, थोडं जास्तच केलं. परवाच्या गुरुवारी बारा जणांना पुरेल एवढं मासवडीचं कालवण आणि बाजरीच्या भाकरी नेल्या, सगळ्यांना माझ्या हाताने वाढल्या. महिनाभरात आमचा जनरेटर एका कारखान्याला चार दिवस दिला. सविता मॅडमच्या प्लॅस्टिकच्या कारखान्यात तपासणी होती, तर आमची नर्स आणि सेफ्टी ऑफिसर पाठवले. एकाची कामगारांची बस बंद पडली, मी आमची फिरवली. कुणी मागायच्या आत दिलं.

आणि मामा, मला काही कळेना झालंय. ते एकमेकांना अरे-तुरे करतात, माझ्याशी बोलताना मॅडम आणि आपण. मी बसले की गप्पा हवापाण्यावर येतात. गेल्या आठवड्यात सविता मॅडमचं मशिन बंद पडलं तर तीन कारखान्यांतून माणसं धावली. त्या मशिनचं काम जाणणारा सगळ्यात चांगला फिटर माझ्याकडे आहे, हे सगळ्यांना ठाऊक. मला फोन आला नाही. दुसऱ्या दिवशी कळलं, तेही अनसाबाईंकडून. त्या आमच्या कँटीनला आहेत आणि रस्त्यावरच्या सगळ्या बातम्या त्यांच्याकडे आधी येतात.

इकडे आमची गिअर कडक करायची भट्टी कुरकुर करायला लागलीय. ती बंद पडली तर माल थांबला, माल थांबला तर ती बासष्ट माणसं. अशा वेळी रस्त्यावरचे पाच जण आपले असायला हवेत.

मनात एक जुनी शंका येते. तुम्ही ओळखाल कोणती. माझ्या केबिनमध्ये बाबासाहेबांचा फोटो आहे, आडनाव दारावर आहे, लपवायचं काही नाही आणि लपवणारही नाही. पण अडतीस वर्षांच्या वयात, सहा हजार चौरस फुटांच्या कँटीनमध्ये बसून तीच शंका यावी, याचं मला फार वाईट वाटलं. त्या दिवशी घरी येऊन मी जेवले नाही.

तुमचं उत्तर लवकर यावं, एवढाच आग्रह.
करुणा


खुटबाव,
ता. २० जुलै २०२५

चि. करुणा हिस आशीर्वाद. वि. वि.

पत्र वाचून माझं डोकं सणकलं. पायात चपला घातल्या आणि सुमितला म्हटलं गाडी काढ, शिरूरला जायचं. मामीनं चपला काढायला लावल्या. म्हणाली, तिथं जाऊन काय करनार हाय तुमी, त्या सायबांस्नी ऐकू येतं, तुमास्नी येत न्हाई, नुसतं भांडणच व्हईल. मग मी बसलो, पाणी प्यायलो आणि विचार केला.

तुझी शंका खोटी असेल असं मी म्हणणार नाही. मी एवढा भोळा नाही. पण ती खरीच आहे असंही धरून चालू नकोस. अंगावर आलेल्या प्रत्येक गोष्टीला एकच कारण लावायची घाई मीही आयुष्यभर केली आहे, आणि दोन-चारदा साफ चुकलो आहे.

तेव्हा मला जे विचारायचं ते विचारतो. चिडू नकोस, सरळ उत्तर दे. तुझं कालवण कुणी खाल्लं? किती खाल्लं? कुणी ताटात बाजूला सारून ठेवलं का? भाकरी उरल्या का? रनिंग रूममध्ये कुणाच्या मनात काय आहे ते मी उरलेल्या अन्नावरून ओळखत असे.

आणि दुसरं. तू काय खाल्लंस?

विहारात वर्षावासाचं वाचन सुरू झालं आहे. मला पहिल्या रांगेत बसवतात, ऐकू येत नाही हे सगळ्यांना माहीत असूनही. मी वाचणाऱ्याच्या तोंडाकडे बघत राहतो.

माझी काळजी करू नकोस, तुझी मी करतोच आहे.
मामा


शिरूर,
ता. ८ ऑगस्ट २०२५

ती. मामा यांस,
सविनय जय भीम. वि. वि.

उत्तर द्यायला उशीर झाला, कारण मंगळवारी भट्टी बंद पडली. आतलं सगळं जळालंय, नवा सुटा भाग यायला अठरा दिवस लागणार. पहिली गाडी एकवीस तारखेची आहे. तुम्हाला हिशेब समजावत बसत नाही. गाडी चुकते, एवढं कळलं तरी पुरे.

नवनाथ सरांकडे तसलीच भट्टी आहे. फोन हातात घेऊन मी काल अर्धा तास बसले होते. लावला नाही. मागायला जीभच उचलत नाही, मामा. लोकांना द्यायला मी केव्हाही तयार असते.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: कालवण एक थेंब उरलं नाही. दोघांनी भांडं पुसून घेतलं. सविता मॅडमनी सारण कसं केलं ते विचारलं. तेव्हा ती शंका तिथंच ढासळायला हवी होती, पण वाढण्याच्या नादात माझं लक्षच नव्हतं.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला लाज वाटते. मी काहीच खाल्लं नाही. म्हणजे माझंच खाल्लं. दर वेळी काहीतरी सांगते. पोट बरं नाही, गोड चालत नाही, आत्ताच नाश्ता झालाय. ही कारणं मी ठरवून सांगत नाही, तोंडातून आपोआप येतात.

काल अनसाबाईंना सरळ विचारलं, की माझ्याबद्दल काय बोलतात. आधी पदर तोंडाला लावला. मग म्हणाल्या, बोलू का नको, पन तुमी इचारलं म्हनून सांगते, तुमच्या पोटाचं ऐकून नवनाथ सायबाच्या घरनं दोनदा तुमच्यासाठी तिखट कमी करून भाजी आली व्हती, तुमी झाकन बी उघडलं न्हाई. समदे म्हंत्यात, मॅडमला आपल्यातलं काय नको, नुसतं द्याया बघतात. मोठ्या मनाच्या हायेत, पन वरच्या हायेत. आन् जो घेत न्हाई त्याच्याकडनं मागायचं तरी कसं.

वरच्या! मामा, मला. मी हसले आणि मग मला रडू आलं. मी ज्या भीतीने हात आखडून बसले होते, ती त्यांना माझी ऐट दिसली.

येत्या गुरुवारी, चौदाला, पुन्हा टेबल आहे. या खेपेला आमच्याच कँटीनमध्ये. काय करू ते लिहा.
करुणा


खुटबाव,
ता. ११ ऑगस्ट २०२५

चि. करुणा हिस आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र पोस्टात टाकत नाही, सुमितबरोबर चौफुला-न्हावरेमार्गे हातोहात धाडतो आहे. त्याला जेवू घालून परत पाठव.

डब्याचा नियम मी तुला दिला. तो कुठून आला ते कधी सांगितलं नाही. मी सातवीत होतो. गावाचं नाव लिहीत नाही, तिथली माणसं आता राहिली नाहीत. वर्गातल्या एका मित्राच्या रानात ज्वारीची काढणी चालली होती, मी त्याच्याबरोबर गेलो. दुपारी त्यानं आपल्या डब्यातली भाकरी पुढे केली, मी तुकडा मोडून घेतला. त्याच्या चुलतीनं पाहिलं. उरलेली भाकरी तिनं माझ्यासमोर बैलाला घातली आणि डबा राखेनं तीनदा घासला. मित्र खाली मान घालून उभा होता. त्या दिवशी मी ठरवलं, मेलो तरी कुणाच्या डब्यात हात घालणार नाही. तू आमच्याकडे आलीस तेव्हा तुला असं काही बघावं लागू नये म्हणून तेच तुला शिकवलं.

पण पोरी, ही अर्धी गोष्ट आहे. उरलेली मी तुझ्या मामीलासुद्धा सांगितलेली नाही.

दुसऱ्या दिवशी तो मित्र शाळेत दप्तरात लपवून एक सबंध भाकरी घेऊन आला. माझ्यासाठी. मी म्हणालो, भूक नाही. त्यानं तिसऱ्या दिवशी आणली, चौथ्या दिवशी आणली. मी तिन्ही दिवस भूक नाही म्हणालो, आणि मला कडकडून भूक लागली होती. मग तो आणायचा थांबला. पुढे आम्ही बोलणंही सोडलं.

चुलतीची राख मी साठ वर्षं लक्षात ठेवली. त्या पोराच्या तीन भाकऱ्या विसरलो. विसरलो नाही, लपवल्या. कारण त्यात माझं चुकलं होतं.

जिथं कुणी राख घेऊन बसलंय तिथं ताठ राहा, तिथं माझा नियम पाळ. पण जिथं कुणी तिखट कमी करून भाजी पाठवतंय तिथं तो नियम मी, मच्छिंद्र, आजपासून मोडला असं समज. गुरुवारी आधी खा, मग माग.

माझ्यावर रागावली असशील तर तेही लिही.
मामा


शिरूर,
ता. १५ ऑगस्ट २०२५

ती. मामा यांस,
सविनय जय भीम. वि. वि.

रागावले नाही. तुमचं पत्र सुमितसमोरच वाचलं, तो बिचारा घाबरून पाणी आणायला पळाला.

काल टेबलावर मी उठले नाही, पळी घेतली नाही. सगळे बसल्यावर नवनाथ सरांच्या डब्याकडे हात केला आणि विचारलं, की मला देता का. दोडक्याची भाजी होती. मला दोडका मुळीच आवडत नाही, हे तुम्ही जाणता. दोनदा घेतला. सविता मॅडमनी चमचा खाली ठेवून माझ्याकडे बघितलं आणि आपला डबा सरळ माझ्यापुढे सरकवला. मग मी म्हणाले, माझी भट्टी बंद आहे, एकवीसची गाडी चुकली तर दुसरी शिफ्ट जाते, मला मदत हवी आहे. आवाज कापत होता. कापू दिला.

मामा, ताक यायच्या आत झालं. नवनाथ सर म्हणाले, उद्यापासून माझी भट्टी तुमची, अठरा दिवस, दिवसरात्र. सविता मॅडमचा टेम्पो ने-आण करणार. आमच्या ग्राहकाचा क्वालिटीचा माणूस दुपारीच भट्टी बघून परवानगी देऊन गेला, त्याला आणायलाही यातलाच एक जण गेला होता. निघताना सविता मॅडम मला करुणा म्हणाल्या.

अजून छाती धडधडते, पण आनंदाने.
तुमचीच,
करुणा


खुटबाव,
ता. २४ ऑगस्ट २०२५

चि. करुणा हिस आशीर्वाद. वि. वि.

एकवीसची गाडी वेळेवर गेल्याचा सुमितच्या फोनवरचा तुझा निरोप मिळाला. मामीनं खीर केली. मी शेजारी नेऊन दिली आणि त्यांनी दिलेली अळूवडी तिथंच उभ्या उभ्या खाल्ली. सुरुवात म्हणून एवढं बरं आहे.

एक गोष्ट मात्र मला खटकते आहे. चारशे माणसांचा चालता कारखाना. त्याची भट्टी अठरा दिवस, दिवसरात्र मोकळी कशी? तू सगळं विचारतेस, हे विचारलंस का?

मामा


शिरूर,
ता. १२ ऑक्टोबर २०२५

ती. मामा यांस,
सविनय जय भीम. वि. वि.

आधी चांगलं. सप्टेंबर संपला, एकही गाडी चुकली नाही. दुसरी शिफ्ट राहिली. हेड ऑफिसचं पत्र मी शिफ्ट सुरू होताना सगळ्यांसमोर वाचून दाखवलं. टाळ्या फार वेळ चालल्या.

आता तुमचा प्रश्न. तो वाचल्यावर मला घाम फुटला होता. सहा जणांच्या त्या टेबलावर बावीस वर्षं नवनाथ सर विचारत आलेत, की कुणाला काय हवं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं. मीही त्यांची भट्टी वापरून मोकळी झाले आणि ती रिकामी का, हे मनातही आलं नाही.

गाड्यांची घाई संपल्यावर, मागच्या आठवड्यात, मी त्यांच्या केबिनमध्ये गेले आणि विचारलं. आधी म्हणाले, काही नाही, थोडं काम कमी आहे. मी उठले नाही. मग सांगितलं. त्यांच्या मालकांनी फोर्जिंगचं काम दुसऱ्या राज्यात हलवायचं ठरवलंय. बहुतेक कामगारांना तिकडे किंवा दुसऱ्या प्लँटला नेणार, पण भट्टीवरची एकोणीस जुनी माणसं डिसेंबरला घरी जाणार. मार्चपासून त्यांना हे माहीत होतं. मार्चपासून ते आम्हाला पाणी वाढत होते. आम्हाला का सांगितलं नाही म्हटलं, तर म्हणाले, मागायची सवय नाही हो. मामा, मला आरशात बघितल्यासारखं झालं.

परवाच्या गुरुवारी मी त्यांना सगळ्यांच्या आधी बसवलं आणि त्यांनी मागितलं. आवाज कापत होता. एकोणीस नावं कागदावर लिहून आणली होती, प्रत्येकाचं काम आणि गाव. सविता मॅडमनी चार घेतली, बाकीच्यांनी मिळून सहा. मी सात घेतली, दुसऱ्या शिफ्टला. दोन नावं राहिली, त्यांचं बघतोय.

सगळे गेल्यावर मी भांडी आवरत होते, ते कागदाची घडी घालत बसले होते. मी विचारलं, सर, माणसांचं झालं, तुमचं काय? त्यांनी कागद खिशात ठेवला. मग म्हणाले, करुणा, मला भीती वाटते.

एवढंच म्हणाले. एवढा मोठा माणूस, मामा. मी भांडी ठेवली आणि त्यांच्या शेजारी बसून राहिले. कसं सांगू, मला फार भरून आलं. त्यांनी मला बरंच काही दिलं होतं, पण आपली भीती दिली ती पहिल्यांदा.

पुढच्या रविवारी त्यांना घेऊन खुटबावला येते. तुम्ही दोघं बोला. त्यांना मोठ्याने बोलायला मी सांगितलंय.

मामींना जय भीम. माया आणि माझ्याकडून तुम्हा दोघांना भरपूर लोभ, आणि तुमचा थोडा आमच्याकडे मागते आहे.
तुमची,
करुणा